नेपाळ यात्रा: स्वयंपाकाला पाच तारे, कागदांना दोन

जेलरोडच्या आमच्या भजनी मंडळाने यंदा पशुपतिनाथ-मुक्तिनाथ करायचं ठरवलं आणि नाशिकरोडच्याच एका टूरवाल्याकडे बुकिंग केलं. त्याचं नाव इथे देत नाही. माणूस गावातला आहे, भाजीबाजारात समोर येतो, आणि जी तक्रार सांगणार आहे ती त्याच्या एकट्याची नाही. आधी आणखी दोन ठिकाणी चौकशी केली होती, तिथेही कागदपत्रांबद्दल हीच उत्तरं मिळाली होती. मंडळाची खजिनदार मी, त्यामुळे पैसे गोळा करणं, झेरॉक्स गोळा करणं आणि दोन्हीबद्दल बोलणी खाणं ही सगळी खाती माझ्याकडेच.

पॅकेज माणशी 43,500. नाशिकरोडहून गोरखपूरपर्यंत थर्ड एसी, पुढे बसने सुनौली, सीमेपलीकडे नेपाळी बस, मग लुंबिनी, पोखरा, जोमसोम, मुक्तिनाथ, काठमांडू. येताना काठमांडू ते दिल्ली विमान आणि दिल्लीहून ओझर, तेही विमानच. गुडघे धरून बसणाऱ्या बायका जास्त असल्यामुळे परतीचं विमान आम्हीच मागून घेतलं होतं. पुढचं सगळं रामायण त्या विमानावरूनच झालं.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. आचारी सिन्नरचा, सोबत दोन पोरं, आणि आपला काळा मसाला डब्यात भरून आणलेला. पोखऱ्याला संध्याकाळी बाहेर गार वारा सुटलेला आणि ताटात गरम पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा. जोमसोमला त्या उंचीवर भात नीट शिजत नाही म्हणून त्याने कुकर खालूनच बरोबर घेतला होता. एकादशी वाटेत आली तर न सांगता भगर आणि दाण्याची आमटी हजर, आणि ज्यांचा उपवास नाही त्यांना पोळी-भाजी वेगळी. कुसुमताईंना शुगर आहे, त्यांचा चहा पहिल्या दिवशी सांगितल्यावर शेवटपर्यंत बिनसाखरेचाच आला. हॉटेलं ठीकठाक, काठमांडूचं जरा कोंदट. बस जुनी, पण ड्रायव्हर शांत डोक्याचा. बेनीच्या पुढे रस्ता म्हणजे नदीकाठचे दगडच आहेत, तिथे असा ड्रायव्हर मिळणं हे नशीब. टूर मॅनेजर पोरगा हसतमुख, म्हाताऱ्यांच्या पिशव्या स्वतः उचलणारा. हे सगळं पाच तारे.

आता कागद.

बुकिंग केल्यावर ग्रुपवर यादी आली. गरम कपडे, औषधं, टॉर्च, आणि 'मूळ आधार कार्ड, दोन झेरॉक्स, दोन पासपोर्ट साइज फोटो'. बास. मी फोन केला. म्हटलं, "भाऊ, परदेशात जातोय ना आपण? आधारावर?"

"काकू, नेपाळ कसला आलाय परदेश! आपलंच आहे ते. गेली इतकी वर्षं लोकं नेतोय, बॉर्डरवर कुणी बघतसुद्धा नाही."

तो अर्धा खरं बोलत होता, म्हणून तर घोळ झाला. 1950 साली भारत-नेपाळ मैत्री करार झाला, तेव्हापासून दोन्हीकडच्या माणसांना व्हिसा लागत नाही. सीमा सतराशे किलोमीटरहून लांब आणि उघडी आहे. सुनौलीच्या कमानीखालून रोज माणसं सायकलवर पिशव्या अडकवून इकडून तिकडे भाजी आणायला जावं तशी जातात. बसने जाऊन बसने परत येणाऱ्याला ओळखपत्र जवळ असलं की पुरतं, आणि कित्येकदा ते खिशातून काढावंही लागत नाही. टूरवाल्याची आजवरची सगळी वर्षं बसचीच होती. विमान त्याच्या पॅकेजमध्ये आमच्यामुळे पहिल्यांदा आलं, पण व्हॉट्सॲपची यादी तीच जुनी राहिली.

विमानाला नियम वेगळा आहे आणि तो साधा आहे. भारतातून नेपाळला किंवा नेपाळहून भारतात उडायचं तर भारतीय माणसाकडे चालू पासपोर्ट हवा, नाहीतर निवडणूक आयोगाचं फोटोचं मतदार ओळखपत्र हवं. आधार चालत नाही. फक्त 15 च्या खालच्या मुलांना आणि 65 च्या वरच्या माणसांना सूट आहे. त्यांनी वय आणि ओळख पटेल असा कुठलाही फोटोचा सरकारी कागद दाखवायचा. पॅन कार्ड, लायसन्स, रेशनकार्ड हे आधीपासून चालत होतं, 2019 पासून आधारही त्यात आलं. मधल्या वयाच्या कुणी आधार पुढे केलं तर कितीही छान लॅमिनेट केलेलं असो, उपयोग नाही.

हे आम्हाला कळलं निघण्याच्या जरा आधी, टूरच्या मीटिंगमध्ये. मीटिंग म्हणजे देवळाचा हॉल, समोसे, आणि टूरवाल्याचं भाषण. भाषण संपत आलं तेव्हा त्याच्या ऑफिसातली तिकिटं काढणारी मुलगी उठून म्हणाली, "सर, काठमांडूच्या फ्लाइटला व्होटर कार्ड लागेल सगळ्यांना." हॉलमध्ये एकदम कालवा. कुणी म्हणे आधार सरकारनेच दिलंय, कुणी म्हणे बँकेत चालतं, गॅसला चालतं, विमानालाच का नाही. ती मुलगी एकटी उभी राहून प्रत्येकीला उत्तर देत होती आणि सर फोन कानाला लावून बाहेर गेले. ह्या परीक्षणातला अर्धा तारा तिचा आहे, मालकाने तो आपल्याकडे घेऊ नये.

आधार का नाही, ह्याचं उत्तर घरी आमच्या ह्यांनी दिलं. आधार रहिवाशाला मिळतं. परदेशी माणूस इथे वर्षभरात 182 दिवस राहिला असेल तर तोही आधार काढू शकतो. ते तुम्ही कोण आहात ते सांगतं, कुठल्या देशाचे आहात ते सांगत नाही. मतदार मात्र भारताचा नागरिकच होऊ शकतो, म्हणून सीमेवर त्या कार्डाला वजन. मला जरा वाईटच वाटलं. माझं माहेर नंदुरबारचं, आणि देशातलं पहिलं आधार 2010 च्या सप्टेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हा माहेरच्या माणसांची कॉलर किती ताठ झाली होती! तेच कार्ड काठमांडूच्या काउंटरवर मागे सरकवलं जातं, हे टेंभलीच्या कुणाला जाऊन सांगायचं?

मग सुरू झाली कपाटांची झाडाझडती. मतदार कार्ड ही वस्तू आपल्याकडे पाच वर्षांतून एकदा शोधायची, आणि तीही हल्ली नाही, कारण मतदानाला आधार दाखवलं तरी चालतं. कुणाचं गाद्यांच्या खाली, कुणाचं देवघराच्या खणात. एका घरी ते लाइटबिलांच्या सुतळीला भोक पाडून ओवलेलं निघालं. भोक नेमकं फोटोतल्या कपाळावर. ते चाललं, पण काउंटरवरचा माणूस हसला.

सगळ्यात गुंत्याची केस कुसुमताईंची. वय 63, म्हणजे सूट नाही. कार्ड आहे, पण जुनं, काळ्या-पांढऱ्या फोटोचं, आणि त्यावर नाव द्वारका. लग्नात सासरच्यांनी तांदळात अंगठीने कुसुम लिहिलं. आधार कुसुम, रेशनकार्ड कुसुम, बँक कुसुम. मतदार यादीत मात्र माहेरच्या नावाने नोंद झाली ती झालीच. टूरवाल्याने विमानाचं तिकीट आधारवरून काढलेलं, म्हणजे कुसुम. विमान कंपनी स्पेलिंगमधलं एखादं अक्षर दुरुस्त करते, अख्खं नाव बदलून देत नाही. तिकीट रद्द करून नवं काढावं लागलं, फरक साडेसहा हजारांच्या घरात. आता हा फरक कुणी भरायचा? टूरवाल्याचं म्हणणं, "ताईंनी नाव आधी सांगायला हवं होतं." अहो, तुम्ही आधार मागितलं, त्यांनी आधार दिलं, त्यांनी अजून काय सांगायचं? तीन फोन आणि ऑफिसात एक बैठक झाल्यावर तो अर्ध्यावर आला. बाकी अर्धे कुसुमताईंनी भरले आणि जोमसोमपर्यंत त्याच्याशी बोलल्या नाहीत. दिल्ली ते ओझर हा देशातल्या देशात प्रवास, तिथे आधार चालतं, म्हणून ते तिकीट तसंच ठेवलं. परिणाम असा की काठमांडूहून दिल्लीला आल्या त्या द्वारकाबाई, आणि दिल्लीहून ओझरला उतरल्या त्या कुसुमताई.

आपल्याकडच्या बायकांनी हे बुकिंगच्या आधी बघाच. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलंही बदलतं, आणि प्रत्येक कार्ड त्या त्या वेळच्या नावाने निघालेलं असतं. मतदार कार्डावर मराठीत बरोबर आणि इंग्रजीत भलतंच असाही प्रकार आमच्यात निघाला. विमानाचं तिकीट इंग्रजी बघून काढतात. जे कार्ड काउंटरवर दाखवणार त्याचीच झेरॉक्स टूरवाल्याला द्या, आणि तिकीट हातात आलं की अक्षर न् अक्षर जुळवा.

मीनावहिनींचं कार्ड सापडलंच नाही. बदली कार्डासाठी फॉर्म 8 भरता येतो, ऑनलाइनही होतं, पण कार्ड पोस्टाने घरी येणार, आणि तेवढा वेळ हाताशी नव्हता. त्यांनी तत्काळ पासपोर्ट काढला. साधी फी 1,500, तत्काळचे वर 2,000. पोरांनी अपॉइंटमेंट घेऊन दिली, कागद नीट होते, पासपोर्ट वेळेत घरी आला. पोलिस चौकशी मागाहून झाली.

हा पासपोर्ट घरी आल्यावर आमच्याकडे जो सोहळा झाला तो सांगायलाच हवा. देशाच्या पासपोर्टची पुस्तिका छापली जाते ती आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, 1925 पासूनच्या त्या आवारात, पोस्टाची तिकिटं आणि स्टॅम्प पेपर छापतात तिथेच. आमच्या ह्यांची सगळी नोकरी त्या कंपाउंडच्या आत गेली. मीनावहिनींनी पासपोर्ट आणून दाखवला तर ह्यांनी चष्मा लावला, मुखपृष्ठावरची ती चिपची छोटी सोनेरी खूण अंगठ्याने चाचपली, पानं उजेडात धरून एकेक उलटलं, शिवणीवरून बोट फिरवलं, आणि परत दिला. "चांगलाय," एवढंच. प्रेसमधल्या माणसाला आतलं बाहेर बोलायची सवय नसते, निवृत्त झाल्यावरही ती जात नाही. मीनावहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमचा दाखवा की." तर ह्यांच्याकडे पासपोर्ट नाहीच! कधी काढलाच नाही. हे 67 चे असल्यामुळे आधारावर निभावलं.

65 च्या सूटीतही एक मेख आहे. ती कागदावरच्या वयाची सूट आहे. आमच्या शोभाताई घरात सगळ्यांना 'मी सदुसष्टची' म्हणून सांगतात, पण शाळेत गुरुजींनी सगळ्या वर्गाला लावला तोच 1 जून त्यांनाही लावलेला, वर्षही पुढचं. आम्ही मे महिन्यात गेलो. कागदाप्रमाणे त्यांना 65 पूर्ण व्हायला काही आठवडे बाकी होते. 1 जूनवाल्या पिढीने जन्मतारखेची कार्डावर खात्री करून घ्यावी, घरच्या हिशोबावर जाऊ नये. शोभाताईंचं मतदार कार्ड सापडलं म्हणून बरं.

आणि पोरं. पेटी वाजवणाऱ्या लताताईंचा नातू सोबत होता, वय 16, अकरावीत. 15 च्या खाली असता तर आधारावर गेला असता, 18 च्या वर असता तर मतदार कार्ड निघालं असतं. मधल्या ह्या तीन वर्षांच्या पोरांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा प्राचार्यांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र लागतं. टूरवाल्याला ह्याचा गंधही नव्हता. पुन्हा त्या तिकीटवाल्या मुलीनेच नमुना शोधून प्रिंट काढून दिला. परीक्षा आटोपलेल्या, कॉलेजात शुकशुकाट. क्लार्क म्हणे, बोनाफाइड देतो, तेच असतं. तेच नसतं! लताताई तिथेच बाकावर बसून राहिल्या, प्राचार्य आल्यावर सही घेतली, फोटोवर अर्धा शिक्का कागदावर आणि अर्धा फोटोवर असा मारून घेतला, आणि मगच उठल्या. काठमांडूच्या काउंटरवर तो कागद मागितला गेला. बोनाफाइड नेलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

आता प्रत्यक्ष सीमेवर काय झालं ते. सुनौलीला पोहोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं आणि ट्रकांची रांग संपता संपत नव्हती. बस अलीकडेच सोडली, सामान हातगाड्यांवर, आणि आम्ही पायी. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा दलाचे जवान. त्यांनी पुढच्या काही जणींची कार्डं बघितली, बाकीच्यांना 'चलिए माताजी' म्हणून हात केला. नातवाकडे बघून मात्र एकाने विचारलं, हा कुणाबरोबर? आजी पुढे झाली. पलीकडे बेलहियाला पिशव्या उघडून बघितल्या, चटणीचे डबे बघून विचारलं हे काय, आणि सोडलं. बास, परदेश! टूरवाल्याने ग्रुपवर लगेच मेसेज टाकला, 'बघा, म्हटलं नव्हतं का.' मला तिथेच उत्तर द्यावंसं वाटलं, पण फोन रोमिंगवर होता.

नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे 15 मिनिटं. कुसुमताईंनी गोळीची वेळ शेवटपर्यंत नाशिकचीच ठेवली. पैशांचं म्हणाल तर आपले 100 म्हणजे त्यांचे 160, आणि मोठ्या नोटांचे नियम तिथे बदलत राहिलेत म्हणून आम्ही शंभराच्याच नोटांची बंडलं नेली. बऱ्याच दुकानांत आपलं क्यूआर पेमेंटही चालतं, 2024 पासून ती सोय झालीय. मुक्तिनाथकडे जाताना अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचं परमिट लागतं, सार्क देशांतल्या माणसाला 1,000 नेपाळी रुपये. ते पॅकेजमध्ये होतं आणि मॅनेजरने पोखऱ्यातच सगळ्यांचे फोटो आणि झेरॉक्स देऊन काढून ठेवलं. म्हणजे कागदांची जी कामं ह्यांना सवयीची आहेत ती चोख होतात.

मुक्तिनाथबद्दल फार लिहीत नाही, तो विषय वेगळा. 108 धारांखालून गेलो, पाणी असं की श्वास अडकला, आणि लताताईंनी तिथे म्हटलेला अभंग नेपाळी पुजाऱ्याने उभं राहून ऐकला.

काठमांडूचा विमानतळ मात्र सविस्तर सांगते. काउंटरवर एक तरुण मुलगा, समोर आमची सगळी दिंडी. तो प्रत्येकीचं कार्ड घेऊन आधी तिकिटावरचं नाव बोटाने शोधायचा, मग कार्ड उलटं करून मागचा पत्ता आणि तारीख बघायचा, मग मान वर करून तोंड बघायचा. भराभर सह्या-शिक्के नाहीत, सावकाश. आमच्या पुढे गुजरातमधलं एक कुटुंब होतं. त्यांच्यातली चाळिशीची बाई आधार घेऊन उभी. मुलगा म्हणाला, "आधार नहीं, पासपोर्ट या व्होटर कार्ड." तिने मोबाइल काढून कार्डाचा फोटो दाखवला. त्याने मान हलवली. तिच्या नवऱ्याकडे पासपोर्ट होता. एक सवलत अशी आहे की नवरा-बायको, अज्ञान मुलं, आईवडील असं कुटुंब एकत्र असेल आणि एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटोचं दुसरं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा चालतो. नवरा ते समजावत होता, पण नात्याचा कागद जवळ नव्हता. त्यांना बाजूला उभं केलं. आमच्यातलं एक जोडपं ह्याच सवलतीवर होतं, बायकोकडे स्कुटीचं लायसन्स आणि सोबत मूळ रेशनकार्ड. तो मुलगा रेशनकार्ड घेऊन आत गेला, कुणाला तरी विचारून आला, आणि बोर्डिंग पास दिला. रेशनकार्डाची घडी फाटायला आलेली, तो ते दोन्ही हातांनी धरून आणत होता. सवलत कागदावर आहे, पण काउंटरवरच्या माणसाला ती माहीत असेलच असं धरून चालू नका. ज्याच्या त्याच्याकडे स्वतःचं कार्ड असलं तर रांग थांबत नाही.

आपल्या काउंटरकडे येईपर्यंत द्वारकाबाईंचे ओठ हलत होते, विष्णुसहस्रनाम चालू. मुलाने कार्ड बघितलं, 30 वर्षांपूर्वीचा काळा-पांढरा फोटो, वेणी, मोठं कुंकू. समोर पांढऱ्या केसांच्या बाई. "ये आप ही हैं?" "मीच, और कौन," त्या म्हणाल्या. मागून सगळ्या जणी एकदम बोलायला लागल्या. त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, कार्डावरचं वडिलांचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि पास मिळाला. फोटो इतका जुना असेल तर फॉर्म 8 भरून नवं कार्ड करून घ्या, निवडणुकीची वाट बघू नका.

एखाद्याचा कागद तिथे गेल्यावर हरवलाच तर काठमांडूच्या आपल्या दूतावासातून एकदाच परत येण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. ही माहिती, दूतावासाचा पत्ता आणि फोन, हे तरी टूरवाल्याने छापून द्यावं ना? त्याने दिलं काय, तर कंपनीचं नाव छापलेली टोपी. टोपी चांगली आहे, मी हळद वाळवताना घालते.

तर हिशोब असा. पिठल्या-भाकरीसाठी, ड्रायव्हरसाठी, म्हाताऱ्यांना सांभाळून नेण्यासाठी ह्या माणसाकडे डोळे झाकून जा. रस्त्याने जाऊन रस्त्यानेच परत येणार असाल तर कागदांचीही फार चिंता नाही. विमान असेल तर त्याची यादी बाजूला ठेवा आणि ऑफिसातल्या त्या मुलीला स्वतः फोन करा. ती दुपारी दोनपर्यंतच असते. आणि पैसे भरण्याआधी एक गोष्ट लिहून घ्या: तुम्ही दिलेल्या ओळखपत्राप्रमाणे तिकीट निघालं आणि नंतर ओळखपत्रच चुकीचं मागितलं होतं असं निघालं, तर फरक कोण भरणार.

हे आत्ता लिहायचं कारण, पुढच्या वर्षीची भूतानची जाहिरात ग्रुपवर आली आहे, फुन्शोलिंगहून प्रवेश, आणि यादीत पुन्हा तेच, 'मूळ आधार कार्ड'. भूतानला आपल्याला पासपोर्ट लागतो, तोही किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला, नाहीतर मतदार कार्ड. आधार तिथे चालत नाही. लहान मुलांचा पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला न्यायचा. शिवाय 2022 पासून भारतीय माणसाला दर रात्री 1,200 रुपये विकास शुल्क आहे, ते पॅकेजमध्ये धरलंय की वर मागणार, ह्याचा जाहिरातीत कुठेही उल्लेख नाही. मी ग्रुपवर दोन्ही प्रश्न विचारले. त्याने अंगठा टाकला आणि खाली लिहिलं, 'बघतो काकू'. मंडळाचा ॲडव्हान्स माझ्याकडेच आहे, लेखी उत्तर येईपर्यंत तो तिथेच राहील.